बटण दाबले तरी वाजत का नाही?

आपल्या शाळेतला कीबोर्ड तुम्ही सर्वांनी पाहिलाच आहे. तो ग्रामस्थांनी वर्गणी काढून शाळेला दिला आहे. परिपाठाच्या वेळी तो टेबलावर ठेवतात. दिसायला तो बाजाच्या पेटीसारखा आहे, पण त्याला भाता नाही. तो विजेवर चालतो. वीज गेली तर सेलवर चालतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हा कीबोर्ड बिघडला. पाच नंबरचे बटण दाबले तरी पाच उमटत नसे. 'स्टार्ट'चे बटण तीनदा दाबले की एकदा लागे. काळी पाच ही पट्टी हळू दाबली तरी एकदम ओरडायची, आणि कधी कधी गप्पच बसायची. आवाजाचे गोल बटण फिरवले की खर्रर्र खर्रर्र असा आवाज यायचा, पापड मोडल्यासारखा.

त्या दिवशी कीबोर्ड माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा वाजवत होता. आमच्या वर्गात सगळ्यात छान तोच वाजवतो. त्याला कोणी शिकवले नाही. तो ऐकतो आणि वाजवतो. 'स्टार्ट' लागेना म्हणून त्याने दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाबले. ते आम्ही सर्वांनी पाहिले. मग सगळे म्हणाले, यानेच मोडले. त्याला 'बटणमोड्या' असे नाव पडले. तेव्हापासून तो कीबोर्डाजवळ येईना. परिपाठ चालू असताना तो खाली मान घालून उभा राहायचा. बाई म्हणाल्या, "अरे, ये की वाजवायला." तो म्हणाला, "नको बाई."

माझे मामा मिरजेला असतात. त्यांचे रेडिओ, टी.व्ही., मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. बाईंनी कीबोर्ड त्यांच्याकडे न्यायला सांगितले. शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर आप्पा आणि मी एस.टी.ने गेलो. कीबोर्ड चादरीत गुंडाळून मांडीवर आडवा घेतला होता. कंडक्टरने विचारले, "काय गं, मढं हाय का काय?" सगळी गाडी हसली. मला राग आला.

मिरज हे गाव सतारी आणि तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांत मोठमोठे भोपळे टांगलेले असतात. ते मी येताजाता पाहिले. पण मामांच्या दुकानात भोपळे नाहीत, नुसत्या वायरी.

मामांनी कीबोर्ड लगेच उघडला नाही. आधी वायर काढली, सेल काढले, थोडे थांबले आणि पुन्हा लावून चालू केला. मी म्हटले, "मामा, उघडा ना." मामा म्हणाले, "दम धर. निम्मे कीबोर्ड न उघडताच नीट होत्यात." मग त्यांनी एक गंमत सांगितली. एक गृहस्थ लांबून आले होते. त्यांच्या कीबोर्डाच्या डावीकडच्या पट्ट्या गाणेच वाजवीनात. मामांनी एक बटण दाबले आणि कीबोर्ड बरा झाला. कारण काय, तर 'साथ' चालू राहिली होती. साथ चालू असली की डावीकडच्या पट्ट्या गाण्यासाठी नसतात, त्या साथीचे सूर धरायला असतात. ते गृहस्थ जाण्यायेण्याचे भाडे घालून आले होते! सेल उतरले तरी कीबोर्ड वेड्यासारखा वागतो. म्हणून आधी सेल पाहावेत, मग साथ पाहावी, आणि मग स्क्रू.

आपला कीबोर्ड मात्र तसा बरा झाला नाही. मग मामांनी वायर आणि सेल काढून ठेवले आणि तो पालथा घातला. खाली मऊ टॉवेल टाकला. एकतीस स्क्रू निघाले. ते सांभाळायचे काम माझ्याकडे होते. स्क्रू सगळे सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरून टोक बाहेर येते. म्हणून मी वहीच्या पानावर कीबोर्डाचे चित्र काढले आणि जो स्क्रू जिथला तिथे ठेवला. मध्येच मामांचा लहान मुलगा आला आणि पान ओढू लागला. त्याला मी चिमटा काढला.

आता आत काय असते ते सांगते. मला वाटायचे, बटण दाबले की आवाज बटणातून येतो. तसे नाही. मामा म्हणाले, "बटण वाजत न्हाई. बटण नुसता निरोप देतं." आवाज तयार करणारी एक काळी चौकोनी चिप असते. ती हिरव्या पाटीवर बसवलेली असते. तिला चिकटलेले पाय मुंगळ्याच्या पायांसारखे दिसतात. आपण बटण दाबले हे तिला कळले, तरच ती आवाज करते. कळले नाही तर तिच्या लेखी आपण दाबलेच नाही.

तिला कळते कसे? बटणाच्या खाली मऊ रबराची टोपी असते. टोपीच्या आत मसुराएवढी काळी टिकली असते. ती काळी असते कारण तिच्यात कार्बन घातलेला असतो. कार्बनमधून वीज जाते. टिकलीच्या खाली हिरव्या पाटीवर दोन काळ्या रेघा असतात. दोन कंगवे दातांत दात घालून ठेवावेत, पण एकमेकांना लागू देऊ नयेत, तशा त्या असतात. बटण दाबले की टिकली दोन्ही कंगव्यांवर बसते. मग एका कंगव्यातून दुसऱ्या कंगव्यात वीज जाते. बोट उचलले की रबर आपोआप वर येते आणि वाट तुटते. इतकेच. मी शेजारी चित्र काढले आहे. त्यात निळा रंग संपल्यामुळे वीज हिरवी दाखवली आहे.

पण बटणे पुष्कळ आणि चिपचे पाय थोडे. प्रत्येक बटणाला वेगळी वायर दिली तर पुरणार नाही. म्हणून बटणे आडव्या आणि उभ्या रांगांत जोडतात. चिप एकेका रांगेची हजेरी घेते. पहिली रांग, कोण दाबले आहे? दुसरी रांग, कोण दाबले आहे? अशी हजेरी ती एका सेकंदात शेकडो वेळा घेते. आमच्या बाईंना एका हजेरीला पाच मिनिटे लागतात.

यावरून बिघाड कुठे आहे ते ओळखता येते. मामांनी मला कोडे घातले. "समज, तुझ्या वर्गात एकच पोरगं आलं न्हाई. काय असंल?" मी म्हणाले, "ते आजारी असेल." मामा म्हणाले, "आन् एका वाडीची समदी पोरं एकदम आली न्हाईत तर?" मी म्हणाले, "तर ओढ्याला पाणी आलं असेल." मामा खूश झाले. बटणांचेही तसेच असते. एकच बटण मुके झाले तर त्या बटणातच काहीतरी असते. पण एका रांगेतली सगळी बटणे, किंवा सारख्या सारख्या अंतरावरच्या पट्ट्या एकदम मुक्या झाल्या, तर बटणे चांगली असतात. त्यांची वाट तुटलेली असते. म्हणजे पाटीवरची रेघ चिरलेली असते किंवा पट्टीसारखी वायर खाचेतून निसटलेली असते. अशा वेळी बटणे पुसत बसून काही उपयोग नाही.

आपल्या कीबोर्डाची पाच नंबर आणि 'स्टार्ट' ही दोन बटणे एका रांगेत नव्हती. शिवाय ती कधी लागत, कधी लागत नसत. वाट तुटली असती तर ती कधीच लागली नसती. म्हणून मामा म्हणाले, "ह्यात घाण हाय."

मामांनी रबराची पट्टी हळूच सोलून काढली आणि मला भिंग दिले. मी पाहिले आणि ओरडलेच. 'स्टार्ट'च्या कंगव्यांवर गुलाबी डाग होता. तो गुलाल होता! पाच नंबरच्या टिकलीवरही होता. काळी पाचच्या खाली तर गुलालाचा आणि धुळीचा मिळून चिकट थर झाला होता. तेव्हा मला सगळे आठवले. गणपतीत आपला कीबोर्ड आरतीसाठी देवळात नेला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो ट्रॉलीत ठेवला होता. सगळेजण गुलाल उधळत होते. वाजवणाऱ्याच्या हातालाही गुलाल होता आणि घामही होता. नंतर वरून फडके मारले म्हणून कीबोर्ड स्वच्छ दिसत होता. पण बटणांच्या फटींतून गुलाल आत गेला तो गेलाच. आधी तो कोरडा होता. मग दमट हवेने चिकटला आणि दिवाळीनंतर बटणे बंद पडली.

त्या मिरवणुकीत माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा नव्हता. त्याला ताप आला होता.

मी मामांना विचारले, "मग जोरात दाबलं म्हणून बटण मोडत नाही का?" मामा म्हणाले, "लई जोर लावला तर रबर फाटतं, पाटीबी चिरंल. पर हितं रबर फाटलेलं न्हाई. बघ." त्यांनी रबर उजेडात धरून दाखवले. एकही चीर नव्हती. पाटीही चांगली होती. मग त्यांनी मीटर लावून दाखवला. वीज जायला किती अडते ते ओहममध्ये मोजतात. चांगल्या बटणाला मीटरवर शे-दीडशे ओहम दिसले. 'स्टार्ट'च्या बटणाला काही हजार दिसले आणि आकडा सारखा नाचत होता. इतके अडले की चिपला निरोप पोचत नाही. जोरात दाबले की टिकली गुलालात रुतते आणि थोडीशी कंगव्याला टेकते, म्हणून कधी कधी बटण लागते. म्हणजे तो जोरात दाबत होता ते बटण मोडायला नाही, बटण लागतच नव्हते म्हणून.

'बटणमोड्या' हे नाव मी पाडले होते. मामांना मी ते सांगितले नाही. मी भिंगातून पुन्हा गुलाल पाहत बसले.

काळी पाच का ओरडायची, ही या लेखातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. नीट वाचा. पट्टी हळू दाबली तर हळू आवाज आणि जोरात दाबली तर मोठा आवाज, असे आपल्या कीबोर्डात होते. पण चिपला जोर मोजता येत नाही. तिला फक्त वेळ मोजता येतो. म्हणून प्रत्येक पट्टीखाली एक नाही, दोन टिकल्या असतात. एक थोडी खाली असते, ती आधी टेकते. दुसरी मागून टेकते. पट्टी जोरात दाबली तर दोन्ही पाठोपाठ टेकतात. हळू दाबली तर मध्ये जास्त वेळ जातो. धावण्याच्या शर्यतीत गुरुजी शिट्टी वाजली की घड्याळ सुरू करतात आणि दोरीला छाती लागली की बंद करतात, तसेच हे. आता समजा, गुरुजींची शिट्टी उशिरा वाजली आणि मुलगा आधीच पळत सुटला, तर तो फारच जोरात पळाला असे वाटेल. काळी पाचची पहिली टिकली गुलालाने भरली होती. ती उशिरा लागायची. लगेच दुसरी लागायची. चिपला वाटायचे, केवढ्या जोराने दाबले! म्हणून ती ओरडायची. आणि टिकली लागलीच नाही तर गप्प बसायची.

साफ कसे केले ते आता सांगते. दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाच्या स्पिरिटची बाटली असते. काडीला कापूस लावून त्यात बुडवतात आणि कंगवे हलक्या हाताने पुसतात. स्पिरिट लगेच उडून जाते. टिकल्या जोरात घासायच्या नाहीत, कारण वरचा कार्बन निघून गेला तर टिकली कामातून जाते. रबराची पट्टी मामांनी कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुतली आणि सावलीत रात्रभर वाळवली. म्हणून आम्ही मुक्काम केला. मामींनी थालीपीठ केले होते. वाळल्यावर टिकल्यांना बोट लावायचे नाही. आपल्या बोटाला तेल असते आणि तेही वीज अडवते. मी एकदा लावले. मामांनी ती टिकली पुन्हा पुसली.

लोक काय काय करतात ते मामांनी सांगितले. कोणी पॉलिश कागदाने कंगवे घासतो. मग कंगवेच राहत नाहीत. कोणी शिवणयंत्राचे तेल सोडतो. एक दिवस बरे वाटते, मग तेलावर धूळ बसून चिखल होतो. कोणी पेट्रोल घालतो. त्याने रबर फुगते.

आवाजाच्या गोल बटणाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी काळी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक पितळी जीभ सरकते. जीभ जिथे थांबेल तेवढा आवाज. जीभ आणि पट्टी यांच्यामध्ये धूळ आली की खरखर होते. मामांनी बारीक नळीने आत औषध मारले आणि मला ते बटण तीस वेळा फिरवायला सांगितले. त्याचा वास डोक्यात जातो. खरखर पुष्कळ कमी झाली. पण मधोमध एका जागी आवाज अजून जातो. तिथे पट्टी झिजली आहे. आपण रोज आवाज तेवढाच ठेवतो ना, म्हणून तिथेच झिजली. औषधाने झीज भरत नाही. नवीन भाग मिळाला की मामा बदलून देणार आहेत.

मामांच्या टेबलावर विजेचा तंबोराही होता. तो एका गायनमास्तरांचा होता. त्याला भोपळा नाही आणि तारही नाही. डब्यासारखी पेटी असते आणि बटणे फिरवून सूर लावतात. असा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ साली तयार केला. नंतर दुसऱ्यांनीही तशा पेट्या केल्या. टेबलावरच्या पेटीत सुराच्या बटणातच धूळ होती, म्हणून तिचा 'सा' डळमळत होता. आवाजाच्या बटणात धूळ असली तर नुसती खरखर होते. पण सुराच्या बटणात असली तर मास्तर आणि शिष्य दोघेही बेसूर होतात. लाकडी तंबोऱ्याची खुंटी सैल झाली तर तिला खडू लावतात म्हणे. इथे खडू चालत नाही.

काही गोल बटणे कितीही फिरवली तरी थांबत नाहीत. ती टिक टिक करतात आणि आकडे पुढे मागे जातात. त्यांच्या आत काळी पट्टी नसते, एकामागून एक लागणारे दोन संपर्क असतात. आधी कोणता लागला, यावरून चिप उजवे डावे ओळखते. त्यात घाण गेली की तुम्ही सातवरून आठवर जाता आणि आकडा सहा होतो.

एक सूचना. कीबोर्ड मोठ्या माणसाशिवाय उघडू नये. आणि देवळातला अॅम्प्लिफायर तर मुळीच उघडू नये. त्याची वायर काढली तरी आत वीज साठलेली असते. मामांना एकदा बसला होता. ते दोन दिवस डावा हात झटकत होते.

रविवारी संध्याकाळी आम्ही परत आलो. सोमवारी परिपाठानंतर मी बाईंना सांगितले की बटण गुलालाने बंद पडले होते. मग ते नाव मी पाडले, हेही सांगितले. सगळा वर्ग ऐकत होता. माझे कान तापले. बाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता.

त्या दिवशी तो कीबोर्डाजवळ आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत आला. मी तिथेच होते. त्याने विचारले, "पाच लागतं का?" मी म्हणाले, "लागतं. हळू दाब." त्याने करंगळीने दाबले. पाच उमटले. मग त्याने 'स्टार्ट' दाबले आणि घंटा होईपर्यंत वाजवले. मधल्या त्या जागेवर आवाज गेला की तो गोल बटण जरासे पुढे सरकवतो. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता कीबोर्डावर जुन्या लुगड्याचे पांघरूण आहे. ते माझ्या आजीने शिवले. यंदा गणपतीत द्यायचा झाला तर पांघरुणासकट द्यावा, असे बाईंनी सांगितले आहे.

'स्टार्ट'च्या बटणातून निघालेला गुलाल मी कागदावर घेऊन काडेपेटीत ठेवला आहे. ती काडेपेटी या भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला दोऱ्याने बांधली आहे. ज्याला पाहायचे त्याने उघडून पाहावे, पण फुंकर मारू नये, फारच थोडा आहे.

— इयत्ता ४ थी